नामदेवांचे सांगाती

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील एक गाव. नांदेडहून हिंगोलीस जाणारा रस्ता या गावावरून जातो. या बाजूच्या खेड्यांत एकादशीच्या रात्री मुक्काम पडला, तर मंदिरात चाललेले भजन कानी आल्यावाचून राहत नाही. ज्याचा गळा चांगला आणि ज्यास अभंग पाठ, तो पुढे म्हणतो. बाकीचे टाळकरी तोच चरण मागून उचलतात. मागून म्हणणारांचे काम सोपे, असे ऐकणारास वाटते; पण ते तसे नाही. मागच्यांनी चरण उचलला म्हणजे पुढे म्हणणारास तेवढ्यात दम घेता येतो, पुढचा चरण मनात जुळवता येतो, आणि आपला सूर चढला की उतरला हेही उमगते. म्हणून वर्षानुवर्षे शेजारी उभा राहणारा एखादा टाळकरी निघून गेला, की पुढे म्हणणाराचा हात क्षणभर अडखळतो. चरण म्हणून होतो, पण डाव्या बाजूने जो आवाज यावयाचा तो येत नाही.

अशा वेळी त्याने काय करावे? टाळ खाली ठेवावे काय? की काहीच झाले नाही असे दाखवून तसेच पुढे म्हणत राहावे? हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषापुढे सुमारे सातशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि तो एकदा नव्हे, अनेकदा उभा राहिला. ते पुरुष म्हणजे संत नामदेव.

मुलांनो, नामदेवांकडे वळण्यापूर्वी तुमच्या वयाच्या मुलामुलींची एक अडचण येथेच सांगून टाकतो. ज्यास गाणे शिकावयाचे आहे, त्यास रोज काही वेळ एकटे बसावे लागते. शाळा सुटल्यावर जी सांजवेळ हाती उरते, तीच खेळाची आणि तीच गाण्याची. शिक्षक या नात्याने मी अशी मुले पुष्कळ पाहिली. आरंभी चार दिवस सवंगडी दाराशी येतात आणि “येतोस का रे?” म्हणून हाका मारतात. आतून पेटीचा सूर ऐकू येतो, हाकेस उत्तर मिळते, “आज नाही, उद्या.” आठवडाभर हे चालते. मग एक दिवस हाक येत नाही. मुले दारावरून जातात, त्यांचे हसणे ऐकू येते, आणि पेटीवरची बोटे थांबतात. त्यात कोणी वर्गात म्हणतो, “मोठा गवई लागून गेला आहे!” तेव्हा डोळ्यांत पाणी आल्यास त्यात लाजण्यासारखे काही नाही. मोठमोठ्या गायकांनाही हा भाग चुकलेला नाही. पंडित भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून निघाले, तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. घराबरोबर गल्लीही सुटली, आणि गल्लीबरोबर सवंगडीही सुटले. पुढे हेच भीमसेनजी ‘संतवाणी’च्या कार्यक्रमांतून नामदेवांचे अभंग गात असत.

नामदेवांचा जन्म १२७० सालचा. हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. ते त्यांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक मात्र त्यांचा जन्म पंढरपुरास झाला असे मानतात. वडिलांचे नाव दामाशेटी, आईचे नाव गोणाई. घरचा व्यवसाय शिंप्याचा. मुलाने सुईदोरा हाती घ्यावा, कापड बेतावे, बाजार करावा, अशी घरच्यांची साधी इच्छा. मुलाचे चित्त मात्र विठ्ठलाच्या भजनात. आईने केलेल्या तक्रारी नामदेवांच्या नावावरील अभंगांतूनच आपणास वाचावयास मिळतात. त्या वाचताना आई रागीट वाटत नाही. काळजीत पडलेली वाटते. पोराने गाण्याचा ध्यास घेतला म्हणजे घराचे कसे व्हावे, ही चिंता त्या काळीही होतीच.

नामदेवांभोवती जे सांगाती जमले, तसे सांगाती एका काळी एकत्र येणे विरळा. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडे, तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, मंगळवेढ्याचे चोखामेळा, आणि नामदेवांच्या घरी वाढलेली, गंगाखेडची जनाबाई. कोणी मडकी घडवणारे, कोणी मळा राखणारे, कोणी दळणकांडण करणारे. चोखोबांना तर त्या काळच्या रूढीने देवळाच्या आतही येऊ दिले नाही. अशी ही निरनिराळ्या घरांतली माणसे एकमेकांचे अभंग उचलून धरीत.

पण या मंडळींतच नामदेवांच्या मनास पहिली मोठी जखम झाली. ती कथा महिपतींनी ‘भक्तविजय’ या १७६२ सालच्या ग्रंथात सांगितली आहे. कथा म्हणूनच ती ऐकावयाची. तरी तिच्यात माणसाच्या स्वभावाचे जे दर्शन आहे, ते खरे आहे.

गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली होती. गोरोबा कुंभार, तेव्हा मडके पक्के की कच्चे हे त्यांच्याइतके कोणास कळणार? मुक्ताबाईने सहज म्हटले, “काका, येथे जमलेल्या मडक्यांत पक्के किती आणि कच्चे किती, ते पाहा बरे.” गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. सारे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली, तेव्हा मात्र ते चिडले. हा काय पाहुणचार, असे त्यांना वाटले. गोरोबा म्हणाले, “एवढे मडके कच्चे आहे.” मंडळी हसली.

येथे थोडे थांबू या. आठवड्याच्या बाजारात माठ घेताना आपली आजी काय करते, हे तुम्ही पाहिले असेल. ती बोटाच्या पेरांनी माठावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. नीट भाजलेला माठ खणखणीत वाजतो. कच्चा किंवा तडा गेलेला माठ बद्द वाजतो. म्हणजे कुंभाराची ही परीक्षा डोळ्यांची नाही, कानांची आहे. आणि ज्याचे सारे आयुष्य सुरात गेले, त्याच नामदेवांचा नाद त्या दिवशी बद्द निघाला!

असे का झाले, याचे कारणही कथेत आहे. विठ्ठल आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, तेव्हा आपण इतरांहून वेगळे, असा भाव नामदेवांच्या मनात शिरला होता. गाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे मी पुष्कळदा पाहिले आहे. सवंगडी दूर गेले ते प्रत्येक वेळी त्यांच्या दोषामुळेच जात नाहीत. दोन टाळ्या मिळाल्या, गावच्या गणेशोत्सवात नारळ मिळाला, की आपला मान आपोआप ताठ होऊ लागतो. मग खेळात हरलो तरी “मला काय त्याचे, मी गाणारा” अशी भाषा तोंडी येते. ही भाषा सवंगड्यांना टोचते. ते ती बोलून दाखवीत नाहीत. पुढच्या दिवशी हाक मारावयास येत नाहीत, एवढेच.

तरीही हसणारी माणसे आपली होती, याचे दुःख मोठे असते. परका हसला तर राग येतो आणि जातो. आपला हसला तर झोप येत नाही. नामदेव तेथून तडक उठले आणि पंढरपुरास आले. वाटल्यास त्यांना तेथे नवी मंडळी जमवता आली असती. स्तुती करणारांस पंढरपुरात काय तोटा? पण कथेत तसे घडत नाही. विठ्ठलाने त्यांना सांगितले की, तुझे सोबती बोलले ते खरे आहे. औंढ्यास विसोबा खेचर आहेत, त्यांच्याकडे जा.

औंढा नागनाथ हे आज हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. तेथील महादेवाचे जुने दगडी मंदिर त्याच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. नामदेव तेथे पोहोचले तो एक वृद्ध गृहस्थ महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पहुडलेले! नामदेवांनी रागाने पाय काढावयास सांगितले. वृद्ध म्हणाले, “बाबा, मी म्हातारा. जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव.” नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथेही पिंड दिसू लागली. तिसरीकडे नेले, तेथेही तेच. देव पंढरपुरात, आणि तोही माझ्याजवळ, असे मानणाऱ्या नामदेवांना काय कळावयाचे ते कळले. हेच विसोबा खेचर. नामदेवांनी त्यांना गुरू केले.

याच मंदिराची आणखी एक कथा लोक सांगतात. नामदेव दारापुढे कीर्तन करू लागले, तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागच्या बाजूस पाठवले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड त्यांच्याकडे झाले. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागच्या बाजूस आहे, तो याची खूण म्हणून दाखवतात. देऊळ फिरले की नाही, याचा वाद आपण येथे करावयाचा नाही. मला त्या कथेतला दुसराच भाग आवडतो. येथून ऊठ म्हटल्यावर नामदेव उठले, पण टाळ त्यांच्या हातातच होते.

औंढ्याहून परतल्यावर नामदेव त्याच मंडळींत पुन्हा जाऊन बसले. गोरोबांशी त्यांनी अबोला धरला नाही, की मुक्ताबाईस उणेदुणे बोलले नाहीत. तुटलेले स्नेह बहुधा अशाच रीतीने सांधले जातात. कोणी मोठी क्षमा मागत नाही, कोणी मोठी क्षमा करीत नाही. जुन्या जागी पुन्हा जाऊन बसावयाचे आणि चरण उचलावयाचा. बसण्याचे धैर्य मात्र लागते.

ज्ञानदेवांचा आणि नामदेवांचा स्नेह विशेष होता. ज्ञानदेव वयाने नामदेवांहून पाच वर्षांनी लहान. १२९० साली त्यांनी नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, तेव्हा ते कोवळ्या वयाचे होते. एकाजवळ ज्ञान, दुसऱ्याजवळ गाणे. ज्ञानदेव नामदेवांच्या घरी आले आणि म्हणाले, “आपण दोघे मिळून तीर्थयात्रेस जाऊ.” नामदेवांना पंढरपूर सोडवेना. तेव्हा विठ्ठलानेच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, असे वर्णन आहे. दोघे उत्तरेकडील तीर्थे फिरले. वाटेत मरुभूमीत तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेवांनी योगसामर्थ्याने खाली जाऊन पाणी प्यायले. नामदेवांस ते सामर्थ्य नव्हते. त्यांनी आपल्या रीतीने विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर काठोकाठ भरून आली. या कथेत एक मित्र हरला आणि दुसरा जिंकला असे नाही. दोघांनाही पाणी मिळाले, एवढे खरे.

हा सहवास फार काळ टिकावयाचा नव्हता. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे ज्ञानदेवांनी समाधी घेतली. ते एकवीस वर्षांचे होते, नामदेव सव्वीस वर्षांचे. नामदेव तेथे उपस्थित होते. समाधीची जागा नामदेवांच्या मुलांनी झाडून स्वच्छ केली, असे अभंगांत येते. एवढ्यावर संपले नाही. पुढच्याच महिन्यात सासवडास सोपानदेव गेले. पुढल्या वर्षी मुक्ताबाई गेली, आणि अखेर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. वर्ष पुरे होण्यापूर्वी चारही भावंडे दिसेनाशी झाली. ज्या मुक्ताबाईने मडक्याची थट्टा केली होती, तिची थट्टा ऐकण्यास नामदेवांनी त्या वेळी काय दिले नसते!

शाळकरी वयात मित्र दुरावला, तर तो निदान गावात तरी असतो. केव्हा तरी रस्त्यात भेटतो. नामदेवांचे हे सांगाती पुन्हा भेटावयाचे नव्हते. मग नामदेवांनी काय केले? ते गायले, हे तर खरेच. पण काय गायले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या मित्राची हकीकत गायली. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या नावांनी ओळखली जाणारी नामदेवांची अभंगप्रकरणे आहेत. त्यांपैकी पहिल्यात ज्ञानदेवांच्या घराण्याची आणि बालपणाची कथा आहे, दुसऱ्यात दोघांच्या यात्रेची, आणि तिसऱ्यात त्या शेवटच्या दिवसाची. मराठीत एखाद्या माणसाचे चरित्र लिहिण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथांत स्वतःविषयी फारच थोडे सांगितले आहे. त्यांच्याविषयी आज आपण जे ऐकतो, त्यातला मोठा वाटा या अभंगांचा आहे. नामदेवांच्या गाथेत पुढील काळातल्या ‘नामा’ नावाच्या इतर कवींचीही रचना मिसळली आहे, असे अभ्यासक सांगतात. तरी मित्राच्या वियोगाचे हे गाणे नामदेवांच्या नावानेच महाराष्ट्राने सांभाळले.

समाधीचे अभंग वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत नामदेवांनी आपले दुःख झाकलेले नाही. रडणे आहे, कासाविशी आहे, मागे वळून पाहणे आहे. पण ते सारे अभंगाच्या मापात आहे. हे माप तुम्हांसही मोजता येईल. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे आणि शेवटच्यात चार. म्हणजे एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. अक्षर ऱ्हस्व असो वा दीर्घ, मोजताना ते एकच धरावयाचे. गाताना लांबवावयाचे की तोडावयाचे, हे गाणारा ठरवतो. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्यामुळे तेथे टाळास जागा मिळते, आणि मागच्यांना चरण उचलावयास सवड मिळते. म्हणजे या छंदातच दुसऱ्या माणसासाठी जागा राखून ठेवलेली आहे. एकट्याने दुःख करावयाचे तर माप लागत नाही. चारचौघांनी मिळून ते म्हणावयाचे असेल, तरच लागते.

चारचौघे मात्र हवेत, आणि ते आता दुसरे होते. जनाबाई होती, ती जात्यावर बसून अभंग रची आणि स्वतःस नामदेवांची दासी म्हणवी. चोखोबा होते. पण १३३८ साली मंगळवेढ्यास वेशीचे बांधकाम चालले असता भिंत कोसळली, आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही सापडले. नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातून त्यांनी चोखोबांच्या अस्थी वेचून काढल्या आणि त्या पंढरपुरास आणल्या. कथा सांगते की, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा नाद येई, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या. मघा मडक्याची गोष्ट सांगितली, ती येथे आठवते. एके काळी ज्यांना आपल्याच नादाची परीक्षा उतरता आली नाही, ते नामदेव आता मित्राच्या अस्थी नादावरून ओळखत आहेत, अशी ही कथा लोकांनी जपली.

नामदेवांच्या आयुष्याचा आणखी एक मोठा भाग महाराष्ट्राबाहेर गेला. ते कीर्तन करीत उत्तरेकडे गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध आहे. विचार करा, तेथे त्यांचा मराठी चरण मागून कोण उचलणार? शब्द कळावयाचे नाहीत, चाल ओळखीची नाही. तेव्हा नामदेवांनी तेथील लोकांस मराठी शिकवण्याचा आग्रह धरला नाही. ते त्या प्रांताची भाषा शिकले आणि त्या भाषेत पदे रचू लागले. विठ्ठलाचे नाव मात्र त्या पदांतही ‘बीठल’ होऊन आले आहे. गावी राहिलेल्या मित्रांची सय ज्यास येते, त्यास हे एक नाव पदात का ठेवावेसे वाटले असेल, हे समजणे अवघड नाही.

तेथे त्यांना नवे सोबती मिळाले. त्रिलोचन नावाच्या संतांशी झालेला त्यांचा एक संवाद कबीरांच्या श्लोकांत आला आहे. नामदेव कापडावर छाप उठवीत बसलेले असतात. त्रिलोचन विचारतात की, हे छापण्याचे काम काय घेऊन बसलास, देवाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव उत्तर देतात की, मुखाने नाम घ्यावे, हातापायांनी काम करावे, आणि चित्त देवापाशी असावे. मित्राने अडवून विचारले आणि मित्राने शांतपणे सांगितले. तेरच्या थापटण्याने चिडलेले नामदेव ते हेच काय, असा प्रश्न पडतो.

१६०४ साली शीखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. हा ग्रंथ पुढे ‘गुरू ग्रंथ साहिब’ या नावाने पूज्य झाला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती निरनिराळ्या रागांखाली लावलेली आहेत आणि गुरुद्वारांत आजही गायली जातात. २०१५ साली घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून हजारो लोक तेथे गेले. नामदेव स्वतः ज्या चालीवर गात, त्या चाली मात्र आज आपल्याजवळ नाहीत. त्या काळी अभंगांच्या चाली लिहून ठेवण्याची रीत नव्हती. शब्द राहिले, अक्षरांचे माप राहिले. चाल प्रत्येक पिढीने आपापली लावली. बाळापुराकडे एका चालीवर म्हटला जाणारा अभंग सोलापुराकडे दुसऱ्याच चालीवर ऐकू येतो, आणि दोन्ही ठिकाणचे म्हातारे आपलीच चाल मूळची, असे ठासून सांगतात.

१३५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी पंढरपुरात देह ठेवला. ज्ञानदेवांना जाऊन तेव्हा चौपन्न वर्षे झाली होती. या चौपन्न वर्षांत त्यांनी कीर्तन सोडले नाही, आणि ज्ञानदेवांचे नावही सोडले नाही. देवळाच्या गाभाऱ्याजवळची जागा त्यांना मिळाली असती. पण त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली, असे वारकरी सांगतात. ती पायरी ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते. वारीस आलेली माणसे तीवर पाय न ठेवता, वाकून हात लावतात आणि आत जातात.

त्या पायरीसमोर, महाद्वाराबाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. दोहोंच्या मध्ये चार पावलांचे अंतर असेल.

स्वाध्याय

१. भजनात मागून चरण उचलणारांचे काम सोपे नाही, असे लेखक का म्हणतात?

२. गोरोबांच्या घरी घडलेला प्रसंग मुक्ताबाईच्या तोंडून सांगितला आहे, अशी कल्पना करून तो तुमच्या शब्दांत लिहा.

३. औंढ्याहून परतल्यावर नामदेव त्याच मंडळींत का गेले असावेत? तुम्ही गेला असता काय? कारणे द्या.

४. पंजाबात नामदेवांनी कोणती अडचण कशी दूर केली?

५. ‘बद्द वाजणे’, ‘अबोला धरणे’, ‘उणेदुणे बोलणे’, ‘सय येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. तुमच्या गावातील भजनी मंडळात जुन्या टाळकऱ्यांपैकी कोणास भेटा. त्यांच्याबरोबर पूर्वी कोण कोण म्हणत असे, ते विचारा आणि त्यांनी सांगितलेला एक अभंग उतरवून घेऊन त्याच्या प्रत्येक चरणाची अक्षरे मोजा.